पहिल्या ट्रायथलॉनची तयारी: जूनमध्ये सुरुवात, सायकल नंतर

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, तिन्ही सलग. आमच्या ग्रुपमध्ये त्याच्या तयारीला नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला. "सायकल कुठली घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं: आत्ता कुठलीच नको, आधी गॉगल घ्या. समोरच्याचा चेहरा पडतो. त्याने कार्बन फ्रेमचे आठ-दहा व्हिडिओ पाहून ठेवलेले असतात आणि ही बाई त्याला तलावात ढकलायला निघालेली असते.

पण हौशी माणसाची शर्यत बहुतेक वेळा पाण्यातच फसते. सायकल हळू मारता येते, धावताना दम लागला तर चालता येतं. पाण्यात पाय टेकायला जमीन नसते. आणि सायकलीत दोन लाख टाकले तर थोडाफार वेग विकत मिळतो, पोहण्यात एक रुपयाचाही मिळत नाही. तिथे फक्त तास मोजावे लागतात. मी पुण्यात राहते, चाळिशी ओलांडल्यावर या नादाला लागले आणि आता ग्रुपमधल्या नवख्यांची बॅच माझ्याकडे असते. खाली आहे ते त्यांना मी तोंडी सांगते तेच.

कुठली शर्यत धरायची

स्प्रिंट म्हणजे 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर याच्या दुप्पट: 1500 मीटर, 40 आणि 10. हाफ आयर्नमॅन म्हणजे 1.9 किलोमीटर, 90 आणि 21.1. या तिन्हींची बेरीज 70.3 मैल होते, म्हणून नावात तो आकडा. गोव्यात मिरामारला 2019 साली सुरू झाली ती हीच. पूर्ण आयर्नमॅन 3.8, 180 आणि 42.2, साधारण सतरा तासांच्या आत संपवायची. मिलिंद सोमणने 2015 मध्ये पन्नाशीच्या तोंडावर झुरिकची पूर्ण केली, तेव्हापासून हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो.

पहिल्या वर्षी स्प्रिंट करा. "पण ऑफिसातल्या सगळ्यांना गोवा सांगून बसलोय," असं म्हणणारे दरवर्षी दोन-तीन तरी असतात. त्यांच्यासाठी एक सोपा हिशोब. हाफमध्ये पोहायला 1 तास 10 मिनिटांचा कटऑफ असतो, तेवढ्यात बाहेर यायचं, नाहीतर बाद. म्हणजे 100 मीटरला साधारण 3 मिनिटं 40 सेकंद, तेही एकोणीस वेळा सलग, भिंतीला हात न लावता. पंचवीस मीटरच्या तलावात शहात्तर लांब्या होतात. आज किती होतात ते मोजा आणि मग ऑफिसात काय सांगायचं ते ठरवा.

जूनच का

एप्रिल-मे मध्ये तलावावर उन्हाळी शिबिरं असतात. प्रत्येक लेनमध्ये फ्लोट धरलेली पंधरा पोरं, काठावर टॉवेल घेऊन उभ्या आया. त्या गर्दीत शिकणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी शिकण्यासारखं. शाळा उघडल्या, पाऊस पडला, की तीच लेन तुमची एकट्याची. डिसेंबर-जानेवारीतल्या स्प्रिंटसाठी सहा-सात महिने हातात राहतात आणि ऑक्टोबरात पाऊस थांबतो तेव्हा अंग रस्त्यावर उतरायला तयार झालेलं असतं.

त्याआधी एक काम. चाळिशीच्या पुढचे, बीपी-शुगरवाले, घरात हृदयविकाराचा इतिहास असलेले, सगळ्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: सहा महिने जोराचा व्यायाम करणार आहे, स्ट्रेस टेस्ट लागेल का? बायकांनी हिमोग्लोबिन जरूर बघून घ्या. माझं साडेनऊ निघालं होतं आणि मी दोन महिने स्वतःला आळशी समजत होते.

पाणी

सामान: गॉगल, टोपी, अंगासरशी बसणारा पोशाख. बर्म्युडा घालून पोहू नका, पाणी भरून मागे ओढते. गॉगल घेताना पट्टा न लावता डोळ्यांवर नुसता दाबून बघा. दोन सेकंद चिकटून राहिला तर तो तुमच्या चेहऱ्याचा. किंमत बघू नका, माझा आवडता आठशे रुपयांचा आहे.

"मला पोहता येतं" असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना मान वर काढून पोहता येतं. विहिरीत शिकलेली मंडळी यात पुढे. ते वाईट नाही, उलट त्यांना पाण्याची भीती नसते आणि हा फार मोठा ऐवज आहे. ट्रायथलॉनमध्ये कुठलाही स्ट्रोक चालतो, ब्रेस्टस्ट्रोकवर अख्खं अंतर काढलं तरी कुणी काही म्हणत नाही. पण फ्रीस्टाइलमध्ये हातांवर काम भागतं आणि पाय सायकलसाठी ताजे राहतात, म्हणून ती शिकायची.

नव्वद टक्के अडचण श्वासाची असते. माणूस पाण्याखाली श्वास धरून ठेवतो, तोंड बाहेर आलं की आधी सोडतो, मग घाईघाईने घेतो, आणि तेवढ्यात तोंड पुन्हा आत. चार लांब्यांत धाप. पहिले दोन आठवडे काठ धरून एवढंच करा: चेहरा पाण्यात, नाकातोंडातून सलग बुडबुडे, मग मान बाजूला वळवून एक छोटा श्वास. मान वर उचलायची नाही, वळवायची. उचलली की कंबर बुडते आणि तुम्ही जिना चढल्यासारखे पोहू लागता. आमचे कोच काठावरून एकच शब्द ओरडतात, "सोड! सोड!" नवीन माणसाला वाटतं काठ सोड म्हणतायत. ते श्वासाबद्दल बोलत असतात.

मग लांबीला किती हात पडतात ते मोजा. पंचवीस मीटरला तीस हात पडत असतील तर वेग वाढवू नका, हात कमी करा. पुढे पोचलेला हात क्षणभर तसाच लांब ठेवा, कोपर वर राहू द्या, पाणी पोटाकडे दाबू नका, मागे ढकला. महिनाभरात बावीस-तेवीसवर आलात तर तुमचं काम झालं. दम आपोआप पुरतो.

आठवड्यातून तीन वेळा. दोनदा करून भागत नाही, मधल्या दिवसांत हात सगळं विसरतात.

सायकल, आता

दिवाळीपर्यंत घरात असलेली, भावाकडून आणलेली, कुठलीही चालू सायकल वापरा. हायब्रिडवर, म्हणजे सरळ हँडलच्या साध्या सायकलवर, स्प्रिंट आरामात होते. मी पहिली स्प्रिंट मुलाच्या कॉलेजच्या सायकलवर केली, पुढचं बास्केट काढून. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून नवं आणि स्वतःचं. कुणाचं जुनं घेऊ नका, आधी आपटलेलं असेल तर वरून दिसत नाही.

सीटची उंची अशी बघा: भिंतीला टेकून बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवड्याने पेडल मारताना गुडघ्यात हवा तेवढाच बाक राहतो. नवखे सीट खाली ठेवतात, थांबल्यावर पाय टेकावा म्हणून. महिन्याभरात गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं की मग आमच्याकडे येतात.

पॅडची शॉर्ट घ्या आणि तिच्या आत काही घालू नका. हे कुणी उघड सांगत नाही म्हणून लिहिते. ती अंगालगतच घालायची असते, आतल्या शिवणींनी घासून तासाभरात साल निघते. बायकांना सीटचा त्रास होत असेल तर सोसत बसू नका, रुंद आणि मधे खाच असलेली सीट मिळते, दुकानदाराला संकोच न करता विचारा.

रोड बाइक घ्यायचीच असेल तर दिवाळीच्या सुमारास घ्या, तोवर आपल्याला हे जमतंय का ते कळलेलं असतं. आणि तिच्यासोबत तीस-चाळीस रुपयांचं एक पितळी अडॅप्टर. रोड बाइकच्या ट्यूबचा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह आपल्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाही. सासवडच्या अलीकडे लाखाची सायकल खांद्यावर घेऊन चालणारा माणूस मी पाहिलाय, खिशात हे अडॅप्टर नव्हतं म्हणून. एक जादा ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या, आणि घरी टीव्हीसमोर बसून चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव करा. मागचं चाक. पुढचं कुणालाही जमतं.

क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणारे, बूट पहिल्या वर्षी नसले तरी चालतात. घेतलेत तर पडाल, हे धरून चाला. मी नळ स्टॉपच्या सिग्नलला पडले. थांबले होते, उभी होते, आणि डावा पाय पेडलमधून सुटेना म्हणून फांदी मोडावी तशी हळूच आडवी झाले. शेजारच्या रिक्षातून काका म्हणाले, "ताई, चालू असताना पडतात लोक, तुम्ही बंद गाडीवर पडलात." थांबायच्या वीस मीटर आधी पाय सोडवा. आणि पहिला आठवडा मैदानावर, गवतावर.

पावसात रस्त्यावर जायचंच तर टायरची हवा थोडी कमी ठेवा आणि पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक दाबू नका, झेब्रा क्रॉसिंगचा रंग ओला झाला की साबण होतो. घाटात चढा, उतरताना हात कायम ब्रेकवर. बोपदेवच्या उतारावर हिरोगिरी करणाऱ्याला आमच्या ग्रुपमध्ये पुढच्या रविवारी सगळ्यात शेवटी ठेवतात.

ग्रुपमध्ये कसं वागायचं

रविवारची लाँग राइड पाचला निघते म्हणजे पाचला निघते. पाच वाजून चार मिनिटांनी फोन करून "थांबा, कोथरूड डेपोपाशी आलोय" म्हणू नका. पुढे-मागे दिवा हवाच, मागचा लाल लुकलुकणारा. पुढचा माणूस "खड्डा!" ओरडला की तुम्हीही ओरडा, नाहीतर तो निरोप तुमच्यापाशी मरतो आणि मागचा खड्ड्यात जातो. उजवीकडून ओव्हरटेक करताना नुसती घंटी वाजवू नका, तोंडाने सांगा. गतिरोधकाआधी हात खाली करून दाखवा. अचानक ब्रेक मारणं हा सगळ्यात मोठा गुन्हा.

पुढच्या चाकाला चिकटून गेलं की वारा लागत नाही आणि बरीच ताकद वाचते. सरावात हे चालतं. शर्यतीत नाही. हौशींच्या बहुतेक ट्रायथलॉनमध्ये असं चिकटून जाण्याला, म्हणजे ड्राफ्टिंगला, बंदी असते. हाफ आयर्नमॅनमध्ये पुढच्यापासून 12 मीटर अंतर ठेवावं लागतं, आत शिरलात तर ठराविक सेकंदांत पुढे निघून जायचं, नाहीतर दंडाची मिनिटं. म्हणून महिन्यातून एक राइड तरी एकट्याने, वाऱ्याच्या तोंडावर करा. ग्रुपमध्ये ताशी 28 चा वेग बघून खूश झालेल्याला एकट्याने निघाल्यावर 23 दिसतो आणि सायकल बिघडली असं वाटतं.

आणि एक. पहाटे साडेचारला एकट्या बाईने अंधारात निघायचं म्हणजे घरचे कुरकुरणार, त्यांचं चुकतंही नाही. आमच्याकडे सोसायटीच्या गेटपासून जोडीने निघायची पद्धत आहे. ग्रुप निवडताना फी विचारण्याआधी हे विचारा: सगळ्यात मागच्या माणसाबरोबर कोण असतं? उत्तर द्यायला कोच अडखळला तर दुसरा ग्रुप बघा.

धावणं

याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून थोडक्यात. बूट संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. सुरुवातीला चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला, आणि वेग असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. डांबरापेक्षा टेकडीची माती बरी, आपल्याकडे हनुमान टेकडी आणि वेताळ टेकडी आहेतच.

नवीन गोष्ट एकच आहे, ब्रिक. सायकलवरून उतरून लगेच धावणं. पहिल्यांदा केलंत तर पाय तुमचे नाहीत असं वाटेल. मांड्या लाकडाच्या, पावलं आखूड, आणि गंमत म्हणजे वाटतं हळू धावतोय पण घड्याळ भलतंच जोरात सांगतं, कारण पाय अजून पेडलच्या लयीत असतात. दहा मिनिटांत सुटतं. सप्टेंबरपासून आठवड्यातून एकदा, तासभर सायकलनंतर दहा-पंधरा मिनिटं पळा, एवढं पुरे.

आठवडा कसा लावायचा

आमच्या नवख्यांच्या बॅचचा आठवडा असा: सोमवार सुट्टी. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे पाणी, पाऊण तास. बुधवारी धावणं, शुक्रवारी छोटी सायकल आणि पुढे ब्रिक. रविवारी लांब सायकल. त्यात पाठ-कंबरेचे व्यायाम वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा, चटईवर घरी. एकूण सहा-सात तास. दर चौथा आठवडा निम्म्यावर आणायचा. गणपतीत आणि नवरात्रात बुडणारच, ते आधीच हलक्या आठवड्यात घाला. बुडालेला सराव पुढच्या आठवड्यात "भरून काढायचा" नाही. भरून काढणाऱ्यांच्याच पोटऱ्या धरतात.

खाणं-पिणं

तासाभराच्या आतल्या सरावाला पाण्याशिवाय काही लागत नाही. त्यापुढे दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम असतात. खजूर, राजगिऱ्याची वडी, गूळपोळीचा तुकडा, सगळं चालतं. महागड्या जेलची पाकिटं शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा फोडू नका, पोट तिथेच निषेध नोंदवतं.

घाम किती जातो ते घरी कळतं. तासभराच्या सरावाआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. आठशे ग्रॅम कमी झालं आणि मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात, तर घाम साधारण 1.3 लिटर. तेवढं सगळं पाणी पिऊन भरायचं नसतं, नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते धोक्याचं. तहानेप्रमाणे प्या, दमट हवेत मीठ असलेलं प्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं. सायकलची बाटली बहुधा साडेसातशे मिलीची, त्यात अख्खं पाकीट टाकलं की खारट-गोड पाक होतो आणि मळमळतं.

भिंत नसलेलं पाणी

ऑक्टोबरनंतर समुद्र शांत झाला की आम्ही मालवणला जातो. डिसेंबरात तिथे चिवला बीचवर सागरी जलतरणाची राज्यस्तरीय स्पर्धा भरते, तिच्यातल्या छोट्या अंतरात नाव घालणं ही उत्तम रंगीत तालीम. धरणात, खाणीत आपापलं उतरू नका. पुण्याजवळच्या पाण्यात दरवर्षी माणसं बुडतात, त्यात पोहता येणारेही असतात.

मी पहिल्यांदा समुद्रात उतरले तेव्हा तलावात साठ लांब्या सहज होत होत्या. दोनशे मीटरवर छाती आवळली. खाली तलावासारखी काळी रेघ नाही, भिंत नाही, पाणी हिरवट, आणि लाट नेमकी श्वासाच्या बाजूने तोंडात. मी उताणी झाले, कान पाण्यात, आकाशाकडे बघत शंभरपर्यंत आकडे मोजले. मग सुरू झाले. हे उताणं होणं मुद्दाम शिकून ठेवा. कमरेला बांधायचा नारिंगी फुगा सरावात सक्तीचा. शर्यतीत दम लागला तर हात वर करा, मदतीची छोटी होडी, कयाक, येते. तिला धरून विश्रांती घेतली तर बाद करत नाहीत, फक्त तिच्याबरोबर पुढे सरकायचं नाही.

दर आठ-दहा हातांनी डोळे मगरीसारखे पाण्याबाहेर काढून समोर बघायची सवय लावा. बोया, म्हणजे वळण दाखवणारा तरंगता फुगा, छोटा दिसतो, त्याच्या मागची इमारत किंवा माड हेरून ठेवा. वेटसूटची, म्हणजे थंड पाण्यासाठीच्या रबरी पोशाखाची, चौकशी करू नका. आयर्नमॅनच्या शर्यतींत पाणी 24.5 अंशांच्या वर असेल तर हौशींना तो घालून नंबरात धरत नाहीत, आणि आपला समुद्र त्याहून कोमट. खर्च वाचला. मानेला आणि काखेत व्हॅसलीन मात्र भरपूर लावा, खाऱ्या पाण्यात पोशाखाची कड ब्लेडसारखी लागते.

शर्यतीचा दिवस

आदल्या संध्याकाळी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे सायकली लावायच्या आणि बूट बदलायच्या जागेत, सायकल लावून आलात की तिथून पाण्याच्या बाजूपर्यंत चालत जा आणि आपली रांग कुठल्या खांबासमोर येते ते बघा. पाण्यातून बाहेर आल्यावर चक्कर असते आणि चारशे सायकली सारख्या दिसतात. झगझगीत रंगाचा टॉवेल सायकलखाली अंथरा. त्यावर क्रमाने: हेल्मेट हँडलवर उलटं, त्यात चष्मा, बूट उघडे, त्यात थोडी टाल्कम पावडर, नंबरचा पट्टा, मागे धावायचे बूट आणि टोपी. वेळ मोजणारी चिप डाव्या घोट्याला, म्हणजे चेनमध्ये येत नाही.

नियम एकच रक्तात भिनवा: आधी हेल्मेटचा पट्टा कट्ट करून लावायचा, मग सायकलला हात. परत आल्यावर उलट, आधी सायकल अडकवायची, मग पट्टा सोडायचा. नवखे इथेच दंड खातात. घरी गॅलरीत दहा वेळा करून बघा, शेजारी हसले तर हसू दे. ट्रान्झिशनच्या रेषेच्या आत सायकलवर बसायचं नाही, कानात गाणी लावायची नाहीत, नवऱ्याने किंवा मैत्रिणीने वाटेत दिलेली बाटली घ्यायची नाही, बाहेरची मदत धरतात. सुरुवातीला पाण्यात पुढच्या रांगेत घुसू नका. डाव्या-उजव्या टोकाला, मागे उभे राहा, पहिली गर्दी जाऊ द्या, मनात दहा मोजा आणि निघा. तुमचे दहा सेकंद जातील, गॉगलवर लाथ बसणार नाही.

संपल्यावर मेडल घालून फोटो काढा, पोटभर खा, आणि झोपण्याआधी एक काम करा. समुद्रकाठच्या शर्यतीनंतर सायकल गोड्या पाण्याने धुवा, कपड्याने कोरडी करा, चेन पुसून तेल सोडा. घाम आणि खारी हवा मिळून दोन दिवसांत हँडलच्या टेपखालचे स्क्रू गंजवतात. पोशाखही तसाच पिशवीत कोंबू नका. मंगळवारी पहाटे पावणेसहाला तो पुन्हा लागणार आहे.